शरयूवहिनींची ओवाळणी

शनिवार, ३ ऑक्टोबर १९८७. डब्लिन, ओहायो

काल दुपारी येथे सुखरूप पोहोचलो. प्रताप सबनीस विमानतळावर घ्यायला आला होता. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही एकाच खोलीत राहिलो; पुढे तो इकडे आला आणि मी पाटबंधारे खात्यात रुजू झालो. त्यानंतर ही पहिलीच भेट. "मोहन्या, लेका, पार म्हातारा झालास की!" असे म्हणून त्याने भर गर्दीत मला मिठी मारली. माझी पत्नी नीला गेल्यापासून मला कोणी असे जवळ घेतले नव्हते. काय करावे ते न सुचून मी हातातली पिशवी सावरीत राहिलो.

नीलाला जाऊन नऊ महिने होत आले. हवापालट करावा असा सर्वांचा आग्रह पडला, म्हणून आलो आहे. तिची मोरपंखी इरकली साडी मी सामानात घेतली आहे. ती कोणास द्यायची हे ठरलेले नाही; घरी ठेवून येणे जमले नाही, इतकेच.

प्रतापचे घर ऐसपैस आणि अत्यंत नीटनेटके आहे. त्याची मुलगी कांचन शिकागोला शिकते, तिची खोली मला दिली आहे. शरयूवहिनींचा स्वभाव शांत. स्वयंपाकघरात त्या असतात तेव्हा भांड्याचा आवाजही येत नाही. इतके निःशब्द घर मी पूर्वी पाहिलेले नाही.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

जिन्याजवळच्या भिंतीवर फुलांचे एक चित्र टांगले आहे, आणि तेही कमरेच्या उंचीवर. इंजिनियरच्या घरात ही चूक मला खटकली. काढून पाहिले तो मागे भिंतीला मुठीएवढे भोक. येथील भिंती पुठ्ठ्यासारख्या असतात. शरयूवहिनी लगबगीने आल्या आणि त्यांनी चित्र माझ्या हातून घेतले. "राहू द्या, भावोजी. ह्यांना कशाला हात लावलेला आवडत नाही."

स्वयंपाकघरातही एक चित्र तितक्याच खाली आहे. नळदुरुस्तीसाठी भोके पाडून नंतर ती बुजवायची राहिली असावीत. प्रतापला विचारणार होतो, परंतु पाहुण्याने घरातील उणिवा दाखवू नयेत.

शनिवार, १० ऑक्टोबर

आज प्रतापने मला आणि वहिनींना गावाकडचा भाग दाखवायला नेले. वाळून उभा असलेला मका, लाल रंगाची धान्याची कोठारे, शेताच्या कडेला रचलेले भोपळ्यांचे ढीग, आणि मेपलची झाडे तर जणू पेटलेली. एका ठिकाणी उतरून मी एक पान उचलले व खिशात ठेवले. गाडीत बसल्यावर लक्षात आले की ते दाखवायला घरी कोणी नाही. तरी टाकवले नाही.

परतताना मक्याच्या दोन शेतांमधल्या अरुंद रस्त्यावर एक हरिणी एकाएकी समोर आली. जोराचा धक्का बसला. एक दिवा फुटला, बॉनेट दबले. हरिणी कडेला पडली होती. तिचे मागचे पाय मोडले होते आणि पुढच्या पायांवर उठण्याची तिची धडपड चालली होती. प्रतापने आधी बॉनेट पाहिले. मग डिकीतून चाक काढण्याचा लोखंडी पाना काढून तो तिच्याकडे गेला. माझ्या मते पहिल्याच घावात तिचा प्राण गेला असावा. तो मारीतच राहिला. "नवी गाडी! ब्रँड न्यू!" असे तो प्रत्येक घावासरशी ओरडत होता. डोके ओळखू येईनासे झाले तेव्हा तो थांबला, पाना गवतावर पुसला आणि हसत म्हणाला, "सॉरी यार. असं अर्धवट सोडता येत नाही."

मुक्या प्राण्याला तडफडत ठेवू नये हे खरेच. प्रताप पूर्वीपासून निर्णयाचा पक्का. मला ते जमले नसते.

मागे वळलो तेव्हा शरयूवहिनींनी आपल्या बाजूच्या दाराची खिटी आतून दाबून घेतलेली दिसली. "हरीण आत कसं येईल, वहिनी?" असे मी वातावरण हलके करण्यासाठी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

बुधवार, १४ ऑक्टोबर

प्रताप कचेरीत असताना वहिनी दिवाळीची भाजणी भाजीत होत्या. मी जवळच्या टेबलाशी वाचीत बसलो होतो. त्यांनी नीलाच्या आजाराविषयी विचारले; मी सांगितले. मग एकदम त्यांनी विचारले, "भावोजी, तुम्ही कधी नीलावहिनींवर हात उचललात?"

प्रश्न मला अनुचित वाटला. "कधीही नाही," असे मी स्पष्ट सांगितले, आणि ते सत्य आहे.

"मग त्या घरात आवाज करत असतील."

"म्हणजे?"

"भांडी आपटणं. दार धाडकन लावणं. रेडिओ मोठ्यानं."

"फार," मी म्हणालो. "रागावली की कुकरचं झाकण असं आदळायची की शेजारचे विचारायचे."

"किती छान," असे म्हणून त्या पुन्हा भाजणी परतू लागल्या. शेगडीच्या धगीतसुद्धा त्यांनी लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता. बहुधा रक्तदाबाचा काही त्रास असावा.

रविवार, १८ ऑक्टोबर. हॉकिंग हिल्स

काल येथे डोंगरात एक लाकडी घर भाड्याने घेऊन मुक्कामाला आलो. येताना नकाशा वहिनींच्या मांडीवर होता. "मागे डावीकडे वळायचं होतं," असे त्या हळूच म्हणाल्या. प्रताप सरळ गेला. रस्ता एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत संपला. त्याने गाडी वळवली आणि उरलेल्या वाटेवर तो शीळ घालीत होता. मला वाटले, त्याने ते खेळीमेळीने घेतले.

अंधार पडल्यावर मी माझ्या खोलीत होतो. मधली भिंत फळ्यांची. काय ऐकले ते लिहिणे सभ्यतेला धरून नाही. तथापि दैनंदिनीत खोटे लिहू नये. शब्द फार थोडे होते. प्रत्येक आवाजानंतर प्रताप विचारीत होता, "डावीकडे?" पुन्हा आवाज. "डावीकडे?" एकदा काहीतरी फळ्यांवर माझ्याच बाजूला येऊन आदळले आणि माझ्या उशाचा दिवा हलला. वहिनींचा आवाज मुळीच आला नाही.

मी मोठ्याने खाकरलो. शांतता झाली. नंतर पुन्हा सुरू झाले, पण प्रताप आता कुजबुजत विचारीत होता.

पतिपत्नींमध्ये तिसऱ्याने पडू नये, असे मला नेहमी वाटत आले आहे.

सकाळी वहिनी नव्हत्या. प्रताप ओसरीत बसला होता आणि त्याने उजवा हात बर्फाच्या भांड्यात बुडवला होता. "नाटकं करते यार. समोरच्या फार्मवर गेली असणार. तू जा, तुझं ऐकेल ती. आपल्याकडे कसं, बायको रुसून गेली की कुणीतरी मोठा माणूस जातो ना आणायला?"

त्याचे म्हणणे मला रास्त वाटले. माझ्या मावसबहिणीला अशीच समजूत घालून वडिलांनी सासरी पोहोचवले होते. रिकाम्या हाताने जायचे नसते, म्हणून मी बॅगेतून नीलाची साडी काढली. दवाने पांढऱ्या झालेल्या गवतात अनवाणी पावलांची वाट उमटलेली होती. तिच्यावरूनच गेलो.

दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडले. पुरुषी कपडे, आणि काखेत बंदूक. त्यांचे नाव मिसेस डोरिस हॉकिन्स. "तू तिचा नवरा?" त्यांनी विचारले.

"नाही, मॅडम. मी कुटुंबाचा स्नेही आहे."

"मग स्नेह्यासारखं वाग आणि परत जा."

आतून वहिनी म्हणाल्या, "इट इज ओके, डोरिस." त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. डावा डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला, आणि मिसेस हॉकिन्सचे लोकरी मोजे पायात. परंतु मी जे ठरवून गेलो होतो ते नीट बोललो. घर, समाज, कांचनचे लग्न, तोंडावर आलेली दिवाळी. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी मी साडी त्यांच्या ओटीत ठेवली. "तुम्हाला भाऊ नाही हे मला माहीत आहे. आजपासून मी आहे. ही माहेरची साडी समजा."

त्यांनी साडीवरून हात फिरवला. "नीलावहिनींची?"

"होय."

"तुम्ही खरंच भाऊ म्हणून आलात, की त्यांनी धाडलं म्हणून?"

"भाऊ म्हणून."

"मग शब्द द्या. तुम्ही घरात असताना हे पुन्हा होणार नाही."

मी शब्द दिला.

"येते मी, मोहनदादा," त्या म्हणाल्या. "पण भाऊबिजेला ओवाळणी मी मागेन ती द्यायची. पाकीट नाही चालणार."

मिसेस हॉकिन्स दारात आडव्या उभ्या राहिल्या. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला केले. मी त्यांना रीतसर परत आणले. प्रतापने वाकून त्यांची माफी मागितली, डोळ्यांत पाणी आणले. मला समाधान वाटले. नीला गेल्यावर प्रथमच आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो, असे वाटले.

मंगळवार, २० ऑक्टोबर

काल येथील शेअर बाजार कोसळला. प्रताप दिवसभर दूरचित्रवाणीसमोर बसून होता. बहुधा याच चिंतेने गेले काही दिवस त्याचे डोके ठिकाणावर नसावे. आज त्याने वहिनींना गुलाब आणले. डोळ्याभोवतीचे काळे त्यांनी पावडरीने झाकले आहे, आणि कांचनचा फोन आला तेव्हा त्या दार लावून हळू आवाजात बोलल्या.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

काल लक्ष्मीपूजन होते. जे घडले ते घडल्या क्रमाने लिहितो.

वहिनींनी नीलाची साडी नेसली होती. पाटावर लक्ष्मीची तसबीर, समोर चकल्या व अनारसे. प्रताप दुपारपासून पीत होता. मी समईत तेल घालीत असताना फोन वाजला. तो त्याने घेतला. कांचन होती. तिचा आवाज माझ्यापर्यंत येत होता: "डॅड, मॉमने मला केबिनचं सगळं सांगितलंय. टच हर अगेन अँड आय विल कॉल द पोलीस, आय स्वेअर." तो "हॅपी दिवाळी, बेटा," असे म्हणाला आणि त्याने रिसीव्हर ठेवला. मग तो पुन्हा उचलला, वायर हिसडून तोडली, आणि पूजेसमोर बसलेल्या वहिनींच्या कानशिलावर तो मारला.

त्या आडव्या झाल्या. तबक उलटले. त्याने त्यांचा अंबाडा मुठीत धरला आणि तळघराच्या दाराकडे फरफटत नेले. "माझ्या मुलीला? माझ्या मुलीला सांगतेस?" वहिनींनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. त्याने त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर दार आदळले.

मी म्हणालो, "प्रताप, हे शोभत नाही."

त्याने मला कोपराने ढकलले. माझा चष्मा पडला. मग त्याने वहिनींना उचलून जिन्यावरून खाली फेकले. घरंगळण्याचा आवाज आला आणि शेवटी ओल्या फांदीसारखे काहीतरी मोडले.

तो जिना उतरून खाली गेला, त्यांच्याकडे पाहिले, वर आला, स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवरून त्याने रुग्णवाहिका बोलावली. आवाज अगदी शांत. "माय वाइफ स्लिप्ड. येस. द बेसमेंट स्टेअर्स. प्लीज हरी." मग माझा चष्मा उचलून त्याने स्वतःच्या सदऱ्याला पुसला आणि माझ्या नाकावर ठेवला. "तुझा चष्मा पडला होता. तू काय बघणार, यार?"

रुग्णालयात ऑफिसर रीड नावाच्या पोलीस बाईंनी मला विचारले. मी म्हणालो, माझा चष्मा पडला होता. वाक्य अक्षरशः खरे होते.

वहिनींचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे, त्याची बोटे चिरडली आहेत, तीन बरगड्या मोडल्या आहेत, आणि एका कानाने ऐकू येत नाही. शुद्धीवर आहेत. कांचन शिकागोहून निघाली आहे.

आज सकाळी प्रताप तळघराचा जिना धूत होता. पायरीवर केस चिकटले होते. मी बादली धरली. घर अस्वच्छ राहू नये, असे मी मनाशी म्हणालो. त्याच्या हातात ब्रशऐवजी तो लोखंडी पाना आला तेव्हा मला समजले की त्याचे धुणे थांबले आहे. त्याने मला गळ्याशी धरून कपड्यांच्या यंत्रावर दाबले आणि पाना माझ्या जबड्याला टेकवला. लोखंड थंड होते. "मोहन्या, तू माझा जुना दोस्त. एक शब्द बोललास तर त्या हरिणीसारखं करीन. समजलं?"

समजले, असे मी मानेने सांगितले. मग त्याने माझी कॉलर सारखी केली.

शनिवार, २४ ऑक्टोबर. भाऊबीज

माझे तिकीट ३१ तारखेचे होते. आज सकाळी मी विमान कंपनीला फोन करून उद्याचे मागितले, आणि ते मिळाले. आठवडाभर आधी निघण्यासाठी काय कारण सांगावे याचा विचार करीत मी छत्री घेऊन रुग्णालयात गेलो. प्रतापच सोडायला आला आणि गाडी लावायला गेला.

कांचन आईच्या उशाशी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. "हाय, अंकल," एवढेच. वहिनींनी तिला काहीतरी सांगितले. तिने चेहरा वाकडा केला. "मॉम, यू आर नॉट सीरियस."

"आण गं."

कांचनने परिचारिकेकडून जेवणाचा ट्रे आणि डोळे तपासायची छोटी बॅटरी आणली. येथे निरांजन लावू देत नाहीत. कुंकू म्हणून कांचनच्या पर्समधली लिपस्टिक. वहिनींचा उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यांनी डाव्या हाताने माझ्या कपाळाला बोट टेकवले आणि मग ट्रेवर पेटती बॅटरी ठेवून मला ओवाळले. ट्रे जड होता. कांचनने दुसरी बाजू धरली.

मी पाकीट काढले. सवय.

"पाकीट नाही म्हटलं होतं, मोहनदादा."

"मागा."

"तुमचा चष्मा वाचायचा आहे," त्या म्हणाल्या. "मला परवाच आठवलं, टेबलाशी बसलात की घालता. लांबचं तुम्हाला स्वच्छ दिसतं."

मी पाकीट खिशात परत ठेवले.

"काय पाहिलंत तेवढं सांगा. माझी बाजू घेऊ नका. त्यांचीही नका घेऊ. बास, पाहिलं ते. मी सांगितलं तर त्या पोलीस बाई म्हणतात, घरातला दुसरा माणूस वेगळं सांगतोय."

"तो मला मारील," मी म्हणालो. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, मुलीसारख्या मुलीसमोर, हे वाक्य माझ्या तोंडून गेले.

"हो," शरयूताई म्हणाल्या. "मारतील. मला माहीत आहे कसं लागतं ते."

कांचन म्हणाली, "अंकल, देअर इज अ कॉप डाउनस्टेअर्स. आय विल वॉक विथ यू."

लिफ्टच्या दाराशी प्रताप उभा होता. माझ्या कपाळाकडे पाहून तो क्षणभर गोंधळला, मग हसला. "काय रे, भाऊबीज वगैरे? चल, घरी जाऊ." कांचनने त्याच्या आणि माझ्या मध्ये पाऊल टाकले. त्याने तिच्या दंडाला धरून तिला बाजूला केले. केले म्हणजे भिंतीवर आपटले. हे मी स्पष्ट लिहितो. तिचे डोके पितळी दांडीवर लागले. परिचारिका ओरडली. त्याने माझी मान पकडली, आणि मी आयुष्यात प्रथमच एका माणसाला मारले. मूठ वळता येत नव्हती; हातातल्या छत्रीची मूठ त्याच्या तोंडावर बसली. त्याचा दात पडलेला मी पाहिला. त्यानंतर त्याने मला किती मारले ते मला सांगता येत नाही. माझे नाक मोडले आहे आणि दोन बोटे बांधलेली आहेत, त्यामुळे हे अक्षर असे आले आहे. त्याला माझ्यावरून ओढून काढायला तीन माणसे लागली. बेड्या घालून नेताना तो मराठीत शिव्या देत होता आणि तेथे त्या फक्त कांचनला आणि मला कळत होत्या.

ऑफिसर रीड यांनी खालच्या एका खोलीत माझा जबाब घेतला. नाकात कापूस होता, तरी मी जमेल तितक्या शुद्ध इंग्रजीत बोललो. फोन. कानशील. केस. दारात चिरडलेली बोटे. फेकणे, घसरणे नव्हे. दुसऱ्या दिवशी जिना धुतला हे सांगितले, आणि बादली कोणी धरली होती हेही सांगितले. डोंगरातल्या घराविषयी सांगितले, आणि त्यांना परत कोणी आणले तेही.

खटला उभा राहील तेव्हा साक्षीला यावे लागेल, असे त्या म्हणाल्या. मी म्हणालो, उद्याचे तिकीट रद्द करतो.

सर्वांत वर एक रकाना होता: पीडितेशी नाते. तेथे त्यांनी आधीच 'पतीचा मित्र' असे लिहिले होते. मी ते दुरुस्त करण्याची विनंती केली.

"मग काय लिहू?"

"भाऊ."

"सख्खे?"

"नाही. आमच्याकडे तसे होता येते."

त्यांनी जुने शब्द खोडून नवा लिहिला. मग लेखणी तशीच धरून माझ्याकडे पाहिले. आवाजात रोष नव्हता. कागदावर जागा रिकामी होती आणि त्यांना ती भरायची होती.

"तिचा नवरा तिला केसांना धरून ओढत होता. दार तिच्या बोटांवर आदळत होता. तेव्हा तुम्ही, तिचे भाऊ, काय केलंत, सर?"

मी म्हणालो, "हे शोभत नाही, असे म्हणालो."

त्यांनी ते लिहिले. "आणि?"

"आणि उभा होतो."

त्यांनी तेही लिहिले.